अर्थासकट

सर: झेडची सोंगटी हातात, एक्सची हातात, शब्दांच्या पटावर मोकळा ए समोर बसलेला. आंधळ्यालाही दिसलं असतं! आणि तू मांडलंस काय? ऑक्स! बैल!

मुलगी: ऑक्स बरोबर होता, सर.

सर: बरोबर होता ना! म्हणूनच तो झेड शेवटपर्यंत तुझ्या हातात कुजला, त्याचे गुण वजा झाले आणि हातातला डाव गेला. ताई, तुम्ही आई आहात तिच्या, तुम्हीच विचारा.

आई: खारू, तुला तो दुसरा शब्द आठवला नाही का गं?

मुलगी: आठवला. झॅक्स. सरांनी पाठ करून घेतलेत सगळे. एक्सवाले, झेडवाले, दोन अक्षरी, तीन अक्षरी.

आई: मग?

मुलगी: अर्थ माहीत नव्हता.

सर: अर्थ! इथे अर्थ कोण विचारतंय? शब्दकोशात आहे ना, मग मांडायचा आणि मोकळं व्हायचं. संघात एकच जागा उरलीय. आता शेवटचा डाव. जिंकेल ती संघात, हरेल ती घरी. आणि हिला अर्थ हवाय!

आई: तिच्यावर रागावू नका, सर. हे सगळं माझ्यामुळे झालंय.

सर: तुमच्यामुळे?

आई: आमच्या घरचा नियम आहे तो. अर्थ सांगता आला तरच शब्द मांडायचा. नुसता सांगूनही भागत नाही, घरातल्या कुणाला तरी लावून दाखवावा लागतो. लॅक्स म्हणजे ढिला, तर भाऊजींचा कमरेचा पट्टा. व्हेक्स म्हणजे डोकं उठवणं, तर ही आमची खारू, सुट्टीच्या दिवशी सकाळी.

मुलगी: ऑक्स बाबांना लावला होता, तर ते जेवायला येईनात.

आई: येईनात कसले! तोंड फुगवून आले आणि दोन घास जास्तच गेले.

सर: घरात ठीक आहे, ताई. घरात आपणच खेळाडू आणि आपणच पंच. पण असला उफराटा नियम काढला कुणी?

आई: मीच. लग्न होऊन आले तेव्हा सासरी जेवणं झाली की हा खेळ निघायचा. सगळे फाडफाड इंग्रजी बोलायचे. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, भिंतीवरची अक्षरं गिऱ्हाइकांकडून वाचून घ्यायचे तेवढंच माझं इंग्रजी. सगळे हसले की मीपण हसायचे. एकदा अशीच खळखळून हसले, आणि मग कळलं की तो शब्द माझ्यावरच होता.

मुलगी: हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

आई: सांगण्यासारखं काय आहे त्यात? दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मीही खेळणार, पण ज्यानं शब्द मांडला त्यानं अर्थ सांगायचा. भल्याभल्यांची भंबेरी उडाली. सासूबाईसुद्धा चष्मा पुसत बसल्या! तेव्हापासून एकेक शब्द दारात अडवून, नावगाव विचारूनच आत घेतलाय मी. पण खारू, ऐक. ते माझं होतं. आजच्या दिवस तो नियम गुंडाळून ठेव. दिसेल ते मांड आणि जिंकून ये.

मुलगी: नाही.

सर: अगं, आई स्वतः सांगतेय!

मुलगी: आई सांगते म्हणून मी पाळत नाही, सर. अर्थ न कळता मांडला की मला उसने कपडे घालून मिरवल्यासारखं वाटतं.

आई: मोठी मानी आलीस! आणि जागा गेली तर?

मुलगी: रडेन. चांगली भोकाड पसरून रडेन.

सर: बापाचा हट्ट आहे की आईचा?

आई: तिच्या बाबांना नाव ठेवू नका. ते गरीब आहेत.

सर: बरं, घंटेला अजून थोडा वेळ आहे. बसा इथेच पायरीवर. फोनमध्ये शब्दकोश आहे माझ्या. काय होता तो? झॅक्स… छपराच्या दगडी पाट्या कापायचं हत्यार. अरेच्चा! इतकी वर्षं मी हा मांडतोय, मला वाटायचं एखादं मलम असेल.

मुलगी: पुढचा. झो.

सर: याक आणि गाय यांचं पिल्लू. हे तुमच्या घरात कुणाला लावणार?

आई: ते तुम्ही गेल्यावर ठरवू.

सर: लक्स?

आई: उजेड मोजायचं माप. तो आहे आमच्याकडे, शेजारच्यांच्या जिन्याला लावलेला. तिथे शून्य.

मुलगी: भराभर सांगा, सर. अजून पुष्कळ आहेत.

(घंटा वाजते. मुलगी आत जाते, दार बंद होते. डाव संपल्यावर ती बाहेर येते.)

सर: काय झालं? बोल पटकन.

मुलगी: हरले. थोडक्यात.

आई: ये. ये इकडे. कुठून तो मेला नियम काढला मी…

मुलगी: आई, मी रडत नाहीये. माझं मलाच नवल वाटतंय.

सर: पुन्हा हात आखडलास?

मुलगी: एकदाच. क्यूचा एक शब्द दिसत होता. तो आपला विचारायचा राहून गेला होता.

सर: आणि तो मांडला असतास तर?

मुलगी: जिंकले असते.

सर: धन्य आहेस, बाई!

मुलगी: पुढचं ऐका तरी. डाव संपला, समोरच्या मुलीनं हात मिळवला, पण उठेचना. पटावर एकेका शब्दावर बोट ठेवून विचारायला लागली, हा म्हणजे काय आणि तो म्हणजे काय. तिनं स्वतः मांडलेलेसुद्धा!

आई: जिंकलेल्या मुलीनं?

मुलगी: हो ना. मला येत होते तेवढे सांगितले. पंचही खुर्ची ओढून ऐकत बसले. मग ती म्हणाली, हे असं तुला कुणी शिकवलं?

आई: सरांचं नाव सांगितलंस ना?

मुलगी: तुझं सांगितलं.

आई: वेडी की काय! एवढी मेहनत घेतली त्यांनी, आणि इथे समोर उभे आहेत ते.

सर: असू द्या, ताई. तिनं खरं तेच सांगितलं.

मुलगी: आई, ती येतेय बघ बाहेर. तुला भेटायचंय म्हणाली.

आई: मला? थांब जरा, केस तरी नीट करू दे.