गुप्त ठेवू म्हणाले

ऐका, पण हसू नका. मला मिरगी आहे हे घरच्यांशिवाय फक्त कॉलेजच्या ऑफिसला माहीत होतं. चुकलेल्या पेपरसाठी डॉक्टरचा दाखला दिला होता ना! तिथल्या क्लार्क बाबूजींनी पुन्हा पेपर देणाऱ्यांची यादी सरळ वर्गाच्या ग्रुपवर टाकली, कारणासकट. मी लेखी शिकायत दिली. म्हणाले, "बेटी, जवाबही लेखीच मिळेल."

मिळाला. नोटीस बोर्डावर, सही-शिक्क्यासह: 'कु. वर्षा महाजन, रा. फोपनार, यांच्या मिरगीची माहिती यापुढे गुप्त ठेवली जाईल.'

तो कागद फाडायला हात वर केला, तर संतापानं थरथरत होता. शिपाईकाका ओरडले, "अरे, पोरीला मिरगीचा दौरा आला!" आणि पायातली चप्पल काढून त्यांनी माझ्या नाकाशी धरली.