चार इकडं, चार तिकडं

(साकोली. महामार्गालगत मिथुनचं गॅरेज. मोठी टूरिंग मोटारसायकल स्टँडवर चढवलेली. एका बाजूला जवाहरनगरच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले आनंदराव, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको रत्नमाला.)

रत्नमाला : रेघ दाखवा ना त्याले! लाजता काहून?

आनंदराव : मिथुन, तू चाक पाह्य. तिच्याकडं लक्ष देऊ नको.

मिथुन : सीटवर हे खडूची रेघ कायची जी, काकाजी?

रत्नमाला : माही हद्द हाय थे. तिच्या इकडंतिकडं सरकली का गाडी मांगून डोलते म्हनते. किराना दुकानात नेऊन काट्यावर उभी केली मले! तांदळाच्या पोत्यामांगं नंबर होता माहा.

आनंदराव : बॅलन्सचा प्रश्न आहे. साठच्या वर गेलं की वळणावर मागचं चाक सापासारखं चालते. टायरही एकाच बाजूनं घासला. ही डावीकडं कलून बसते ना!

रत्नमाला : आयकलं? रबर बी मीच खाल्लं.

मिथुन : हवा बरोबर हाय. शॉकअप ठीक. बेरिंगबी टाइट. कवापासून डोलते, काकाजी?

आनंदराव : हिला नीट बसता येईनासं झालं तेव्हापासून.

रत्नमाला : पंक्चर झालं तवापासून! दिवाळीच्या आंधी, कोंढ्याले जातानी. यायनं सोता चाक खोललं, सोता बसवलं. कोनाले हात नाही लावू देल्ला.

आनंदराव : मग? तीस वर्षं माल तपासला मी. चेन ताणताना चाकाच्या दोन्हीकडच्या पट्टीवरच्या खुणा मोजल्या. चार इकडं, चार तिकडं.

मिथुन : काकू, हे दोरी धरा बरं. मांगच्या टायरले टेकवून, सरळ पुढच्या चाकापावतर.

आनंदराव : अरे, ही तर मासे धरायच्या जाळ्याची दोरी!

मिथुन : बापाची हाय. मासोळीले फसवते, मानसाले नाही. हे पाहा. उजवीकडं पुढच्या चाकाले घासून राहिली, डावीकडं बोटभर दूर. दोन्हीकडं सारखी पाह्यजे.

आनंदराव : पण खुणा चार-चार आहेत!

मिथुन : खुना बरोबर हायेत. खुनेची पट्टी उलटी बसली या बाजूनं. चार म्हनते, पन चाक तिरपं. पुढचं चाक चाललं नागपूरले, मांगचं चाललं नालीत.

रत्नमाला : बोला आता.

मिथुन : काकाजी, एक सांगा. एकटे चालवता तवाबी डोलते का?

रत्नमाला : इचारलं त्यानं.

आनंदराव : थोडी.

रत्नमाला : थोडी! मी घरी भात रांधून राहिली होती, तवा मांगं कोन हलून राहिलं होतं? म्हंजे ठाऊक होतं तुमाले! अन् तरी रविवारी गाड्या बोधगयेले चालल्या, त्या यादीतून माहं नाव खोडलं? अकरा गाड्यांवर अकरा बाया, अन् तुमच्या मांगं सामानाचा डब्बा!

आनंदराव : हळू बोल. लोकं पाहून राहिले.

रत्नमाला : पाहू द्या! गाडी घ्या म्हनून मीच मांगं लागली होती. रिटायर होऊन घरी बसले असते तं माह्या पोळ्या मोजल्या असत्या गोलाईनं.

आनंदराव : तीस वर्षांत मी पास केलेला एक नग परत नाही आला, रत्ना. चाक चुकलं असं म्हणायचं कसं?

रत्नमाला : म्हनून बायको रिजेक्ट केली!

मिथुन : झालं जी. पट्टी सुलटी केली, चाक दोरीत आनलं, नट कसला. चक्कर मारून या दोघंबी. वजनाशिवाय समजत नाही.

रत्नमाला : मी नाही बसत. पयले पुंडलिकरावाले फोन लावा. यादी त्याच्यापाशी हाय. नाव लिहाले सांगा. अन् काहून खोडलं होतं, थेबी सांगा.

आनंदराव : इथं? मिथुनसमोर?

मिथुन : मी पाना शोधून राहिलो, काकाजी. मले आयकू येत नाही.

आनंदराव : ...हॅलो, पुंडलिकराव. आनंदराव. हो, रविवारी पाचलाच. माझ्या मागं रत्नमाला आहे, लिहून घ्या. नाही, नाही. बसता तिला पहिलेपासून येत होतं. चाक मला बसवता आलं नव्हतं.