बावीस घड्याळांची चावी

मी अर्धा तास गप्प बसलो, हे घरी कुणाला पटणार नाही. दवाखान्यात माझ्या शेजारी एक ताई आणि तिचा घड्याळं दुरुस्त करणारा स्वमग्न भाऊ, स्वमग्न माणसांच्या मनःस्वास्थ्याच्या संशोधनाचा फॉर्म भरत होते.

“‘मन उदास असतं का?’ लिही.”

“ठाऊक नाही.”

“अरे, रोज फोनवर विचारते, तर ‘मजेत’ म्हणतोस!”

“मजेत म्हटलं की तू रडत नाहीस.”

“मग खरं काय ते सांग.”

“अकरा दिवस घड्याळांना चावी दिली नाही.”

“अगं बाई! एकालाही?”

“बावीसच्या बावीस बंद.”

“मला सांगायचंस तरी!”

“घड्याळांचं तू कधी विचारलंस?”

समोर बसलेल्या संशोधक बाईंनी फॉर्मवरचा प्रश्न खोडला. “दादा, तुमचा प्रश्न तुम्हीच लिहा.”

त्यानं लिहिलं, ‘आज घड्याळांना चावी दिली का?’ ताईनं वाचून डोळे पुसले.

“उद्यापासून हेच विचारीन.”

“साडेसातला चावी देतो. पावणेआठला विचार.”