तुरीचा फेस

क्रेडिट कार्डवाल्यांच्या लाउंजचं कौतुक मले नको सांगू बाप्पा, आम्ही जाऊन आलो. आमचे जावई पुसदले बँकेत साहेब हायेत. विमानानं जायचं होतं, त मले अन् माह्या बाबाले म्हणे, "घरून जेवून निघू नका. विमानतळावर खास जेवणाचं नवीन लाउंज उघडलंय. माझ्या कार्डावर सगळं फुकट आहे."

जावयाचा मान म्हणून बाबा सकाळपासून उपाशी. तिथं पाऊण तास नुसतं बसवलं. मंग परातीएवढ्या प्लेटमध्ये मधोमध चमचाभर पिवळा फेस आला. संगं उंच टोपीवाला आचारी.

बाबानं विचारलं, "हे काय हाय?"

"सर, तूर डाळीचा फोम. आमची खास डिश."

बाबा दारव्ह्याजवळ चाळीस वर्षं तूर पिकवून राह्यले. त्यायनं चमचा खाली ठेवला.

जावई घाईघाईनं म्हणाले, "बाबा, आचारी परदेशातून शिकून आलाय. हे असंच खातात."

बाबानं जावयाकडं पाह्यलंच नाही. आचाऱ्याले म्हणाले, "बेटा, डाळ उकळली का हा फेस आमच्या घरी पळीनं काढून फेकतात. तू फेस ठेवला, मंग वरण कुठं फेकलं?"