भिकीचा सिलेंडर

डहाणूला गॅसच्या गाडीची वाट बघत दोघी आपापल्या रिकाम्या सिलेंडरवर बसल्या होत्या.

“भिके, दिवाळीत तर भरून नेला होतास. इतक्यात संपला?”

“नवऱ्याने संपवला, कमळे. दिवसभर चहा करतो.”

“तुझा नवरा? तो तर चुलीकडे फिरकायचा पण नाही.”

“धुराने डोळे जळतात म्हणायचा.”

“आणि आपले डोळे काय काचेचे होते?”

“आता धूर नाही, फुंकणी नाही. बटण फिरवलं की झाला मोठा आचारी! शेजारचा हाल्या आला, ठेव चहा. कोंबड्या विकणारा आला, ठेव चहा. सगळ्या पाड्याला निळा जाळ दाखवून झाला.”

“बरा तरी करतो का?”

“कसला! बैल पण तोंड फिरवेल.”

“मग लायटर लपव. बसू दे चुलीपुढे फुंकत.”

“लपवणारच होते. पण आज सकाळी उशाशी कप आणून ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला असा आयता चहा कोणी दिलाय?”

“मग? प्यायलीस गुमान?”

“छे! साखर कमी आहे म्हणून दुसरा करायला लावला. त्यातच गॅस संपला.”