राग निवायला लागणारं अंतर

तिकिटांच्या रांगेत शिंप्याच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं, आणि शिंप्याचे कान असे, की सुईच्या नेढ्यातूनही ऐकावं.

"थेट विमान आहे. नऊ तासांत तुझ्या बहिणीच्या दारात!"

"नऊच? नको बाई."

"का गं?"

"पूर्वी बोटीनं तीन आठवडे लागायचे. आईचं शिवणयंत्र तिनं परस्पर नेलं म्हणून फणफणत निघायचे, पण पोचेपर्यंत राग पार निवलेला असायचा. धक्क्यावर आम्ही गळ्यातच पडायचो! नऊ तासांत कसला निवतोय?"

"मग?"

"दोन-तीन ठिकाणी थांबणारं बघा."

"तिचे डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? ती थांबेल का तेवढी?"

रांग पुढे सरकली. शिंपी जागचा हलला नाही.

"थेटच काढा हो. भांडायला तरी ती हवी."