सुदेशच्या अ‍ॅम्पची ट्यूब

सुदेशसमोर अ‍ॅम्पचा विषय काढू नका, राव. चाकणला कंपनीत असतो, पण गिटार काय वाजवतो! मी ड्रमवर, गायला रोहिणीताई, आणि दर रविवारी त्याच्या कासारवाडीच्या घरी आमची प्रॅक्टिस.

त्याचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, जुना, काचेच्या ट्यूबवाला. बटण जरा फिरवलं की थेट गर्जनाच. ताई म्हणायची, "अरे, तुझ्या गिटारवर ओरडून ओरडून माझा घसा बसतो."

"ताई, अ‍ॅम्पचा स्वभावच तसा आहे. मी काय करू?"

शेवटी डॉक्टरांनीच तिचं गाणं बंद केलं.

मागच्या महिन्यात अ‍ॅम्प खरखरायला लागला. सुदेशनं एक व्हिडिओ पाहिला, त्यातला माणूस म्हणत होता की पहिली ट्यूब कमी ताकदीची टाका, आवाज मऊ होतो. त्यानं तशी मागवली. माझ्यासमोरच जुनी हलवत हलवत उपसली, नवी बसवली आणि तार छेडली. इतका मवाळ सूर, की मी काठ्या खाली ठेवल्या.

त्यानं लगेच ताईला स्पीकरवर फोन लावून वाजवून दाखवलं.

"किती गोड रे!" ती म्हणाली. "यावर गाता आलं असतं मला."

"मग ये ना रविवारी."

"आता वरचा सूर लागतच नाही, सुदेश. नवा अ‍ॅम्प घेतलास का?"

सुदेशनं अ‍ॅम्पचं बटण बंद केलं. मग हळूच म्हणाला, "नाही ताई. तोच आहे. एक ट्यूब बदलली फक्त. चहा निवायच्या आत झालं."